मामंजींची गुरगुर

४ मार्च

प्रिय आत्या,

पत्राला उशीर झाला, पण त्यातला थोडा दोष तुझ्याकडेही जातो. बाबा म्हणाले, फोन कर की तिला. मी म्हटलं, तिचं म्हणणं आहे की फोनवर खालचे सूर ऐकूच येत नाहीत, तेव्हा त्यावर फक्त नळ दुरुस्त करणाऱ्याशी बोलावं, घरच्या माणसांशी नाही. म्हणून कागद, पाकीट, तिकीट आणि मी.

मामंजी मजेत आहेत. तुझ्याकडून आल्या आल्या त्यांनी खिडकीजवळची जागा पटकावली. त्यामुळे माझी खुर्ची दाराला टेकते आणि दार अर्धंच उघडतं. बाबांना पोट आत घेऊन यावं लागतं, तेही हल्ली कठीण झालंय. चेलोला मामंजी म्हणणं ही तुझी थट्टा आहे असं मला आधी वाटायचं. तू म्हणायचीस, मला सासर नव्हतं, पण कोपऱ्यात बसून गुरगुरणारं एक माणूस घरात हवं. आता शेजारी राहून पटलं.

सराव चालू आहे. जूनमध्ये वाद्यवृंदाची निवड आहे, ती लक्षात आहे. वाजवताना तोंड बंद ठेवते, तू बजावलंस तसं.

एक शंका, केवळ अभ्यास म्हणून विचारते. तिसऱ्या तारेवर वर वर गेलं की एफच्या आसपास मामंजी धड सूर देत नाहीत, थरथरत गुरगुरतात, ते तुला माहीतच आहे. समजा एखाद्याला ती गुरगुर थांबवायची नसेल, उलट जास्त वेळ टिकवायची असेल, तर बो तारेवर कसा ओढायचा?

तुझा भुंगा

ता. क. मला जन्मभर भुंगा म्हणायचं हे कोणी ठरवलं, तेही एकदा सांग. मी सारखी गुणगुणते हे कारण मला मान्य नाही. सगळीच मुलं गुणगुणतात.


१२ मार्च

प्रिय भुंग्या,

"केवळ अभ्यास म्हणून" हे शब्द मला चांगले ओळखीचे आहेत. तुझ्या बाबाने शाळेत असताना केवळ अभ्यास म्हणून भिंतीवरचं घड्याळ उघडलं होतं. ते अजून बंद आहे.

गुरगुर टिकवायची नसते. आमच्या धंद्यात तिला लांडगा म्हणतात. चेलोच्या लाकडाचा स्वतःचा एक सूर असतो. तारेवर नेमका तोच सूर आला की लाकूड आणि तार एकमेकांशी भांडायला लागतात, आणि ऐकणाऱ्याला वाटतं की वाजवणारीलाच येत नाही. यावर उपाय म्हणजे तो सूर यायच्या किंचित आधी गुडघ्याने मामंजींच्या बरगडीला दाबायचं आणि चेहरा कोरा ठेवायचा. नोकरीभर मी हेच केलं. लोकांना वाटायचं, बाई किती शांत वाजवतात. माझ्या गुडघ्याला विचारा म्हणावं.

आता कामाचं. संगीत शाळेच्या मुख्याध्यापिका परत येऊन गेल्या. शाळेसाठी त्यांना मामंजी हवे आहेत. मी सांगितलं, माझी भाची जूनमध्ये वाद्यवृंदात लागेल, आणि लागली की मामंजी कायमचे तिचे. नाही लागली तर शाळेचे. तसा शब्द देऊन बसले आहे. हे तुला घाबरवायला लिहीत नाही, पण थोडी घाबरलीस तर माझी हरकत नाही. मामंजी वाद्यवृंदात वाढले, त्यांना टिंगटांग सोसत नाही.

तुझा बाबा म्हणतो, रविवारी दुपारपासून तुझा पत्ता नसतो. कुठे असतेस?

आत्या

ता. क. वाजवताना गुणगुणणं ही वाईट खोड आहे. ओठ मिटलेले हवेत. यावर चर्चा नको.


२९ मार्च

प्रिय आत्या,

रविवारी मी वाजवायलाच जाते. आमचा एक छोटा समूह आहे, अगदी छोटा. चेलो, तालवाद्य आणि एक गायिका. तालवाद्यवाली आठवडाभर शाळेत भूगोल शिकवते आणि रविवारी तो राग ड्रमवर काढते. गायिका नवखी आहे, पण चेलोवालीशी तिचं फार छान जमतं.

जागा एका लॉन्ड्रीच्या तळघरात आहे. वर मोठी यंत्रं फिरत असतात आणि छताला एक नळ आहे, तो कपडे पिळले जात असताना थरथरतो. सुरुवातीला आम्ही यंत्र थांबायची वाट बघायचो. आता आम्ही यंत्राच्याच लयीत सुरू करतो, तेवढाच फुकटचा ठेका. खोली उबदार असते. साबणाचा वास इतका असतो की घरी आल्यावर बाबा म्हणतात, किती स्वच्छ मुलगी आहे माझी.

तुझे सरावाचे तुकडे आम्ही तिथे खूप वाजवतो. तो उतरत जाणारा आहे ना, चार सूर खाली आणि एक वर, शेवटचा सूर तू मला नेहमी जास्त धरायला लावायचीस, तो सगळ्यांना आवडतो.

बाबा काल म्हणाले, तुझी आत्या त्या वाद्यवृंदात सगळ्यांत चांगली होती, पण तिला कायम शेवटच्या रांगेत बसवलं. का गं?

तुझा भुंगा


६ एप्रिल

प्रिय भुंग्या,

शेवटच्या रांगेत वारा चांगला यायचा.

तुझ्या समूहाबद्दल वाचून बरं वाटलं. छोट्या समूहात वाजवल्याने कान तयार होतात. फक्त त्या गायिकेपासून जपून राहा. मी गायिका पुष्कळ पाहिल्या आहेत. आधी गोड बोलतात, मग हळूच पुढे येऊन उभ्या राहतात, आणि चेलोवाली त्यांच्या साडीमागे दिसेनाशी होते. तिला तिच्या जागी ठेव.

बाकी तुझ्या पत्राने माझी झोप उडवली. लॉन्ड्रीचं तळघर? वर वाफ, खाली मामंजी? अगं, लाकूड दमट हवेत फुगतं. ती गुरगुर तुला एवढी ऐकू येते आहे आणि तू सारखी तिच्याबद्दल विचारते आहेस, त्याचं कारण आता कळलं. मला आधीच लक्षात यायला हवं होतं. बिचारी पोर गुडघा दाबून दाबून दमली असेल आणि आत्याला सांगायला लाजत असेल.

तर ऐक. पुढच्या आठवड्यात तुझा वाढदिवस आहे. मी आपल्या डॉक्टरांना कळवलं आहे. वाद्यं दुरुस्त करणारे डॉक्टर, माणसांचे नव्हेत. त्यांच्याकडे मामंजींना घेऊन जा आणि काही न विचारता ठेवून ये. काय करायचं ते त्यांना ठाऊक आहे. भेट माझ्याकडून. परत मिळतील तेव्हा तुला तुझ्या कानांवर विश्वास बसणार नाही.

आत्या


२० एप्रिल

प्रिय आत्या,

बसला नाही.

मला वाटलं तू नव्या तारा लावून देते आहेस. मी आनंदाने गेले, मामंजींना ठेवून आले, डॉक्टरांकडे चहासुद्धा प्यायले. परत आणले, खिडकीजवळ बसवले, तिसऱ्या तारेवर वर गेले आणि एफ आला. नुसता एफ. गोल, गुळगुळीत, बँकेत खिडकीमागे बसलेल्या माणसासारखा. मी परत वाजवला. मग बो बदलून वाजवला. मग पलंगावर बसून रडले, आणि बाबा दाराच्या फटीतून म्हणाले, वा, आज किती स्वच्छ लागतोय.

आता मी सगळं लिहिते, कारण लपवल्यामुळेच हे झालं. तू माझं भलं करायला गेलीस आणि मी तुला खरं सांगितलं नव्हतं.

गायिका मीच आहे.

मी गाते, आत्या. वाजवता वाजवता, तोंड उघडून. गाणी माझीच, आजच्या भाषेतली, रेडिओवर लागतात तशी छोटी. त्याखाली चेलो असतो. कधी तू शिकवलेले तुकडे बोने वाजवते, कधी बोटांनी तार छेडते, कधी मामंजींच्या पोटावर तळहाताने ठेका धरते. (हे वाक्य वाचून तू पत्र खाली ठेवशील, पाणी पिऊन परत ये.) पायाखाली एक यंत्र आहे, ते मी वाजवलेला तुकडा पुन्हा पुन्हा ऐकवत राहतं, म्हणजे एकटीच्या तीन होतात. आणि आमचं जे सगळ्यांत चांगलं गाणं आहे ते गुरगुरीवर उभं आहे. म्हणजे अक्षरशः. तो एफ आला की मामंजी थरथरायला लागतात, आणि मी तोच सूर गळ्यातून लावते, अगदी हळू. तेव्हा दोघांच्या थरथरीचा एकच आवाज होतो. तो मी एकटी गाऊन काढू शकत नाही आणि मामंजीही एकटे काढू शकत नाहीत. गाण्याचं नाव "गुरगुर". धृपद असं आहे:

सगळं नीट लावलंय मी, चपला, चादर, चेहरा,
आत कुणी गुरगुरतंय, त्यावर नाही पहारा.

३ मेला आमचा कार्यक्रम आहे, एका जुन्या सिनेमागृहात. खुर्च्या उठताना खाडकन वाजतात, पण खुर्च्या आहेत. त्या रात्रीचं सगळं रेकॉर्ड होणार आहे, आमचं पहिलंच. शेवटचं गाणं "गुरगुर". आणि गुरगुर नाही.

निवडीचा अर्ज मी भरलेला नाही. भरणारही नाही. मला वाद्यवृंदात बसायचं नाही, आत्या, मला हेच करायचं आहे. तेव्हा तुझ्या शब्दाप्रमाणे मामंजी शाळेचे झाले, आणि मी भांडणार नाही. खूप वाईट वाटेल, पण भांडणार नाही. फक्त ३ मेपर्यंत मला ते जसे होते तसे हवेत.

भुंगा


२६ एप्रिल

प्रिय आत्या,

तुझं उत्तर नाही, म्हणजे तू रागावली आहेस. रागाव. पण पत्राने रागाव.

मी डॉक्टरांकडे जाऊन आले. तारा ज्या घोडीवर टेकतात तिच्या मागे त्यांनी तारेवर पितळेची एक नळी बसवली होती, ती त्यांनी हसत काढून दिली. तरी गुरगुर आली नाही. मग कळलं की त्यांनी मामंजींच्या पोटातली काठीही हलवली आहे, ती जी वरच्या आणि खालच्या फळीच्या मधे उभी असते. ती परत जागेवर न्या म्हटलं, तर हसू बंद. म्हणाले, मी एवढ्या वर्षांत असा बरा झालेला रोगी परत आजारी पाडलेला नाही. आणि चेलो तुझा नाही. मालकिणीने स्वतःच्या अक्षरात लिहून दिलं तर बघू, नाहीतर नाही.

तेव्हा सगळं तुझ्या हातात आहे. मी आणखी काय लिहू कळत नाही. तळघरात परवा आम्ही "गुरगुर" गुरगुरीशिवाय वाजवलं. भूगोलवाली म्हणाली, ठीक आहे. तिने आजवर आमच्या कुठल्याच गाण्याला ठीक म्हटलं नव्हतं.

भुंगा


२९ एप्रिल

भुंग्या,

सोबत डॉक्टरांना चिठ्ठी आहे. त्यांना म्हणावं, काठी पूर्वी होती तिथेच, केसभरही इकडे तिकडे नाही. वर्षानुवर्षं एके ठिकाणी उभी राहिल्याने आतल्या लाकडावर तिची खूण उमटलेली असणार, दात बघायचा छोटा आरसा आत घातला की दिसेल. कुरकुर करतील. करू दे. त्यांना कुरकुरल्याशिवाय काम करता येत नाही.

आता माझं. खोटं बोललीस ते मला लागलं. गाणी करतेस म्हणून नाही, गायिकेला दुसरीच कोणीतरी करून मला हसवलंस म्हणून. मी तुला त्या बाईपासून जप म्हणून लिहिलं, आणि तू ते वाचून तळघरात सगळ्यांना ऐकवलं असशील. ऐकवलंस ना? मला माहीत होतं.

चिठ्ठी लिहायला एवढे दिवस लागले त्याचं कारण मात्र राग नाही. राग पहिल्या दिवशीच संपला. मग हेवा वाटायला लागला, आणि तो काही केल्या जाईना. ज्या सुराला मी आयुष्यभर गुडघ्याने दाबून गप्प बसवलं, त्याला तू मध्यभागी आणून बसवलंस. मला हे सुचलंसुद्धा नाही. पोटावर ठेका धरणं मला मान्य नाही, ते वेगळं.

शाळेचं नंतर बघू. शब्द दिलेला आहे आणि मी शब्द पाळते.

कार्यक्रमाला मी येणार नाही. गुडघा दुखतो, आणि सिनेमागृहात मला कधीच बसवत नाही. तू नीट गा. दुसऱ्या कडव्यात श्वास कुठे घेणार ते आधी ठरवून ठेव.

आत्या


६ मे

प्रिय आत्या,

गुरगुरले! आदल्या संध्याकाळी डॉक्टरांनी आरसा आत घातला, "बाईंची खूण सापडली" एवढंच म्हणाले, आणि लांब वाकड्या चिमट्याने काठी सरकवली. मी तिथेच, गोंदाच्या वासात, भिंतीवर टांगलेल्या व्हायोलिनांच्या खाली बसून एफ लावला आणि मामंजी असे काही गुरगुरले की डॉक्टरांचं मांजर कपाटावर चढलं.

कार्यक्रम सांगते. निम्म्याहून जास्त खुर्च्या भरल्या होत्या, त्यातले काही लोक आमच्या नात्यातलेही नव्हते. पहिल्या गाण्यात माझा पाय यंत्रावर चुकीच्या वेळी पडला आणि माझं खोकणंच तालात परत परत वाजत राहिलं. लोकांना वाटलं, मुद्दाम आहे. भूगोलवालीने तेच धरून ठेका दिला, म्हणून निभावलं.

मग शेवटी "गुरगुर". मी त्याची सुरुवात तुझ्या उतरत्या तुकड्याने करते, ते मी लिहिलं नव्हतं वाटतं. तुकडा, मग शब्द, मग एफ. कोणी खुर्चीसुद्धा वाजवली नाही. आत्या, मी त्या एका सुरावर जेवढी खरी होते तेवढी कधीच नव्हते. गाणं संपल्यावर मला हातांचं काय करावं कळेना, म्हणून मी मामंजींना धरून उभी राहिले. तू हवी होतीस.

एकच गडबड झाली. रेकॉर्डिंगमध्ये "गुरगुर"च्या पूर्ण गाण्याखाली एक बारीक घरघर आली आहे. साउंडवाला वैतागलाय. त्याने सगळ्या वायरी तपासल्या, स्पीकर उघडला, शेवटी म्हणाला की सभागृहात मागे लावलेल्या माइकच्या तारेत दोष आहे, कारण घरघर शेवटच्या रांगेकडून येते. गंमत म्हणजे घरघर सुरात आहे. तुझ्या तुकड्याबरोबर खाली उतरते, आणि शेवटचा सूर जरा जास्तच धरून ठेवते. तो म्हणतो, काही हरकत नाही, कॉम्प्युटरवर पुसून टाकतो, शनिवारी बसू या.

मामंजींना शाळेत कधी पोचवू, कळव. त्यांची पेटी पुसून ठेवली आहे.

तुझा भुंगा


९ मे

प्रिय भुंग्या,

हे पत्र पोचल्या पोचल्या साउंडवाल्याकडे धाव. जेवायला बसली असशील तर ताट सोडून ऊठ.

तारेत दोष नाही. तार उत्तम आहे, त्या माणसाला सांग की वायरी परत जोडून ठेव आणि कुठल्याही बटणाला हात लावू नको.

शेवटच्या रांगेत, दाराजवळ, डोक्याला रुमाल बांधून मी बसले होते. तुझ्या बाबाने गाडी चालवली आणि तुला काही सांगितलं नाही. ही दोन्ही कामं त्याने एकाच दिवसात चुकल्याशिवाय केली, तेव्हा त्याला बोलू नको. दिवे लागायच्या आधी आम्ही निघालो. मला वाटलं होतं, गुपचूप ऐकू, गुपचूप येऊ. पण तू माझा तुकडा सुरू केलास आणि मला थांबताच आलं नाही.

मला कधीच थांबता आलं नाही, भुंग्या. वाद्यवृंदात मी बो उचलला की घशातून आवाज सुरू व्हायचा. मला स्वतःला कळायचंही नाही. आमचे संचालक एकदा तालीम थांबवून म्हणाले, सभागृहात भुंगा शिरलाय, खिडक्या उघडा. खिडक्या उघडल्या, भुंगा काही जाईना. मग त्यांच्या लक्षात आलं. मला शेवटच्या रांगेत नेऊन बसवलं, आणि पुढे सगळा वाद्यवृंद मला त्याच नावाने हाक मारायचा. मी हसायचे. घरी येऊन हसायचे नाही. मग ओठ मिटायला शिकले, गुडघा दाबायला शिकले, आणि चांगली शांत वाजवणारी बाई झाले.

तू रांगत होतीस तेव्हा मी एकदा सरावाला बसले होते, दार लावून, एकटीच समजून. तू कधी आत आलीस आणि मामंजींच्या पायाशी बसलीस ते कळलं नाही. मी थांबले तरी गुणगुणणं चालूच होतं. बघते तर तू. माझाच तुकडा, शेवटचा सूर लांबवून. तुला भुंगा मी म्हटलं, आणि त्या दिवसापासून ते नाव मला आवडायला लागलं. इतके दिवस विचारत होतीस ना कोणी ठरवलं, तर हे असं.

मुख्याध्यापिकांना मी काल जाऊन भेटले. शब्द होता की भाची वाद्यवृंदात लागली तर मामंजी तिचे. मी विचारलं, वाद्यवृंदात माणसं किती हवीत, हे आपण ठरवलं होतं का? त्या म्हणाल्या, नाही. मी म्हटलं, मग चेलो आहे, ड्रम आहे, गायिका आहे, आणि पायाने दाबलं की तिघींच्या नऊ होतात. शाळेला मी आठवड्यातून एक दिवस फुकट शिकवायला जाणार आहे. तेवढ्यात भागलं. पेटी पुसलीच आहेस तर आता तूच वापर.

आणि दुसऱ्या कडव्यात तुझा श्वास चुकतो. मी सांगितलं होतं. शब्द तोडू नको, मी खालून सूर धरून असते तेवढ्यात घे. म्हणजे माझी घरघर पुसली तर तुला श्वास घ्यायला जागा राहणार नाही, हेही त्या साउंडवाल्याला सांग.

रविवारी येते. तळघरात दमट असेल, असू दे. एक माइक जास्तीचा लाव, आणि पुढे लाव.

तुझी,
पहिली भुंगा